साईच्या रंगाचं स्टेअरिंग

महाळुंगे पडवळचे तात्या दुकानात यायचे तेव्हा आधी शिवी आत यायची आणि मागून तात्या. पायरीवर एक पाय ठेवून ते ओरडायचे, "मेलास का रं तराजू?" मी म्हणायचो, "नाही तात्या, आहे अजून." मग दुसरा पाय आत. दुकानात एखादं गिऱ्हाईक उभं असलं तर त्याचीही सुटका नसे. "ह्यो कोण बोकड हुबा केलायस?" ते बिचारं चिडून काहीतरी बोलायचं, आणि तात्या लगेच म्हणायचे, "हां, पाटलाचा धाकला व्हय! तुज्या बापाचं डोकं बी असंच पोकळ व्हतं." माणूस जळत जळत घरी जायचा.

मंचरला हायवेला माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून बटाट्याच्या व्यापाराला आले, वडिलांनी दुकान काढलं, आणि मी त्यात जन्म घालवला. घरात भांडतोसुद्धा मराठीत. पण तात्यांच्या लेखी मी तराजूच. वडील वारले तेव्हा ते भेटायला आले होते. चार माणसांत बसून, पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "तुजा बाप लबाड व्हता, पर त्याच्याकडं माल असायचा. तू परामाणिक हायेस. काय उपेग?" आत रडत असलेली माझी आई रडायची थांबली.

हा माणूस मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना काही सापडेल त्यांनी बोलावं.

तात्यांकडे एक जुनी फियाट होती. त्यांच्या वडिलांनी बटाट्याला भाव लागला त्या साली घेतलेली, महाळुंग्यातली पहिली मोटार. गियरची दांडी खाली नाही, स्टेअरिंगच्या बाजूला. आणि स्टेअरिंग साईच्या रंगाचं. पांढरं नव्हे, पिवळंही नव्हे. तापवून ठेवलेल्या म्हशीच्या दुधावर धरते तो रंग. आतल्या बाजूला हॉर्नची चकचकीत कडी, आणि मागून बोटं बसायला खाचा. पुढे ह्याच गाडीला काळी स्टेअरिंगं आली, म्हणून तात्यांना काळ्या रंगाचा राग. "काळं स्टेअरिंग टॅक्सीवाल्याचं," असं ते म्हणायचे, आणि दुकानात टॅक्सीवाला उभा असला तर जरा जास्तच मोठ्याने म्हणायचे.

त्या स्टेअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. मुलगा विलास चाकणला कंपनीत आहे, त्याची स्वतःची नवी गाडी आहे. त्याने एकदा सहज फियाटच्या स्टेअरिंगवर हात ठेवला, तर तात्या म्हणाले, "आदी हात धू. कंपनीत काय काय पुसतोस कोण जाणं." दसऱ्याला गाडीची पूजा काकी करायच्या. काकी म्हणजे त्यांची बायको, हौसाबाई. त्यांनी बॉनेटला कुंकू लावलं, दिव्यांना लावलं, आणि हात स्टेअरिंगकडे गेला तसे तात्या ओरडले, "डाग पडंल तिथं! सोताच्या कपाळाला लाव, तिथं पडला तरी चालंल." अंगणात शेजारपाजारच्या बायका होत्या. काकींनी ताट उचललं आणि त्या गाडीच्या मागच्या चाकाकडे गेल्या.

काकी गाडीत कायम मागे बसायच्या. पुढची सीट रिकामी असली तरी मागेच. त्याचं कारण तात्या अगदी गंभीरपणे सांगायचे, "बांगड्या वाजल्या की गियर चुकतो." पुढच्या सीटवर त्यांचा टॉवेल आणि जेवणाचा डबा बसायचा.

एका श्रावणात त्यांनी मला भीमाशंकरला नेलं. नेलं म्हणजे, फॅनचा पट्टा आणि पाने-पकड घेऊन बरोबर चल असा हुकूम केला. फुकटात मेस्त्री मिळाला तर त्यांना हवाच होता. मी मागे, काकींच्या शेजारी. घोडेगाव गेलं, डिंभे गेलं, आणि पुढे वळणं सुरू झाली तशा काकी पांढऱ्याफटक पडल्या. मी म्हटलं, "तात्या, जरा थांबवा." थांबवेपर्यंत उशीर झाला. काकींनी तोंड बाहेर काढलं होतं, तरी दाराला थोडं लागलंच. तात्या खाली उतरले, डब्याखालचा टॉवेल काढला आणि दार स्वच्छ पुसलं. अगदी शांतपणे, खाचाखाचांतून. मग काकींना म्हणाले, "तू आता यष्टीनं ये. गाडीला वास लागंल."

मला वाटलं चेष्टा आहे. तात्यांनी पूजेची पिशवी काढून रस्त्याच्या कडेला ठेवली. मीही उतरलो. मागची एसटी येईपर्यंत आम्ही दोघं दरडीच्या कडेला धुक्यात उभे. एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. एका म्हातारीने काकींना खिडकीशी बसवलं. काकी लिंबू हुंगत म्हणाल्या, "ह्ये बरं हाय, भाऊ. हितं खिडकी उघडी असती." देवळाच्या पायऱ्यांवर तात्या दर्शन उरकून चिवडा खात बसले होते. आम्हाला पाहून म्हणाले, "पोचलात व्हय? जाताना बी यष्टीनंच जा. सवय झाली आसंल."

गावात अशा गोष्टी हसून सांगितल्या जायच्या. लई खट माणूस, असं म्हणून लोक टाळी द्यायचे. ज्याच्या घरात असा माणूस असतो त्याला टाळी द्यायला हात मोकळा नसतो, हे कुणी बोलायचं नाही.

पुढे तात्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. विलास त्यांना जबरदस्तीने मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं की बाजूची नजर गेलेली आहे, ती आता येणार नाही. समोरचं आहे तेही हळूहळू जाईल. गाडी बंद करा. तात्या त्यांना म्हणाले, "तुमच्या भिंतीवरची अक्षरंच पुसट झाल्यात, डाक्तर. रंग मारून घ्या." घरी आल्यावर डोळा हा शब्द काढायची सोय राहिली नाही. थेंब आणले होते, ते त्यांनी मांजरीच्या ताटलीत ओतले.

आणि ते गाडी चालवत राहिले. बाजारच्या दिवशी महाळुंग्याहून कळंब, कळंबवरून हायवेने मंचर. मीही त्यांना दुकानासमोर गाडी लावताना बघत होतो. जरा वाकडी लागायची, एवढंच. एक दिवस मी दुकानात खोकला धरून बसलो होतो, घसा पार बसलेला. तात्या पायरीवरून ओरडले, "मेलास का रं तराजू?" मी नुसता हात वर केला. ते पाय तसाच ठेवून उभे राहिले. पुन्हा ओरडले. माझ्याकडे सरळ बघत होते, आणि चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेली भीती होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस आधी शिवी देतो, कारण शिवी खाल्ली की समोरचा बोलतो, आणि बोलला की कोण ते कळतं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? थोड्याच दिवसांनी कळंबच्या फाट्याजवळ, भर दुपारी, तात्यांनी उभ्या असलेल्या कांद्याच्या ट्रॉलीवर गाडी घातली. ट्रॅक्टरवाला टायर बघायला खाली उतरला होता, तो एका हाताच्या अंतराने वाचला. तात्यांची छाती स्टेअरिंगवर आदळली आणि त्या साईच्या रंगाचा हातभर तुकडा तुटून पायाशी पडला. मागे बसलेल्या काकींच्या खांद्याचं हाड मोडलं. पाहणारे सांगतात, काकी आत कण्हत होत्या आणि तात्या खाली उतरून बॉनेटवरून हात फिरवत होते, गाय व्यायल्यावर वासरावरून फिरवावा तसा. लोकांनी त्याला प्रेम म्हटलं. मला माहीत होतं, तो माणूस किती नुकसान झालंय ते चाचपून बघत होता. पोलिसांना त्यांनी सांगितलं की ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता. ऊन एवढं होतं की डांबर चपलांना चिकटत होतं.

मेस्त्रीने पत्रा ठोकून दिला, इंजिन ठीक निघालं, पण मोडकं स्टेअरिंग त्याने काढून टाकलं. आता नवीन मिळेपर्यंत गाडी शेडमध्ये, नुसता लोखंडी दांडा वर काढून. तात्यांनी जाहीर केलं, "स्टेअरिंग बसलं की पयला मंचरचा बाजार."

दोन दिवसांनी विलास माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "भाऊ, त्यांना न्हाई म्हणू नका. न्हाई म्हणालात तर ते पुण्याला जातील, तिथं कुणीतरी काहीतरी बसवून देईल. दाखवत राहा. येकेक दाखवत राहा. ते काय, कुठलंच पसंत करणार न्हाईत."

बापाला पोराने किती नीट ओळखलं होतं बघा. किल्ली लपवली असती तर तात्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पोराने त्यांना त्यांच्याच चोखंदळपणात कोंडलं. मी हो म्हटलं, आणि खोटं कशाला सांगू, मला मजा वाटली.

पहिलं मी काळं दाखवलं. एवढा उजेड-अंधार त्यांना कळायचा. काळं आहे हे त्यांनी हातात घ्यायच्या आधीच ओळखलं आणि माझ्या अंगावर फेकलं. दुसरं नव्या पोरांच्या गाड्यांना लावतात तसलं लहानसं, रेक्झिनचं. "हे स्टेअरिंग हाय का बांगडी? तुज्या बायकोला घाल." तिसरं लाकडी होतं. त्यावर त्यांनी नख मारलं आणि म्हणाले, "पोळपाट कशापायी आणलायस?" चौथं दुसऱ्याच गाडीचं, पण रंगाने फिकं होतं. ते मात्र त्यांनी नाकारायच्या आधी स्टुलावर बसून मांडीवर घेतलं, आणि मग जे केलं ते पुढे दर वेळी करायला लागले.

ते डोळे मिटायचे आणि गाडी चालवायचे. माझ्या दुकानात, ऑइलच्या डब्यांच्या मधोमध. डावा हात दांडीवर जाऊन पहिला, दुसरा, तिसरा गियर टाकायचा. स्टेअरिंग इतकंसं डावीकडे, मग सरळ. "ही आमची येस. हितं खड्डा." कळंबचा फाटा आला की उजवीकडे वळून हायवे. घोड नदीचा पूल आला की हात सैल. आणि तेवढ्यात एखाद्या ठिकाणी बोट खाचेत बसायचं नाही, कडी अंगठ्याला लागायची नाही, की डोळे उघडायचे. "न्हाई. दुसऱ्याची बायको आन् दुसऱ्याचं स्टेअरिंग, हाताला बसत न्हाई म्हंजी न्हाई." गिऱ्हाईकं हसायची. हायवेवरून जाणारे ट्रकवाले चहा हातात घेऊन बघत उभे राहायचे. मीही हसायचो. मंचरात बातमी पसरली होती की तराजूच्या दुकानात दर बाजारी फुकटचा खेळ असतो. तात्यांना तो हशा ऐकू येत नव्हता असं नाही. त्यांना वाटायचं, लोक माझ्या मालाला हसताहेत.

त्यांना विलास आणून सोडायचा. एकदा काकीही बरोबर होत्या, हात गळ्यात बांधलेला. तात्या मोरीकडे गेले तेव्हा काकी पाटीतल्या नटबोल्टांशी चाळा करत म्हणाल्या, "दोन वरसं मीच सांगत व्हते, भाऊ."

"काय?"

"रस्ता. मागं बसून. डावीकडं सायकल हाय, म्होरं म्हस हाय, आता यष्टी येतीया. त्ये शिव्या घालायचे, पर तसंच चालवायचे. आमचं तसंच चालू व्हतं."

मग त्यांनीच पुढचं सांगितलं. अपघाताच्या दिवशी निघताना शेजारच्या माणसाने विचारलं की काकी गाडीत एवढं काय बोलत असतात. तात्यांना ते झोंबलं. सगळ्या आळीसमोर ते काकींना म्हणाले, मला गाडी शिकवतेस काय, आता एक अक्षर काढलंस तर उतरवून देईन.

"म्हणाले, येक अक्षर काढू नगंस," काकी म्हणाल्या. "मंग न्हाई काढलं."

"ट्रॉली दिसत होती?"

"मला दिसतंय की सगळं."

त्यांनी बोल्ट परत पाटीत ठेवला. मोरीकडून तात्यांचा पाय अडखळल्याचा आवाज आला, तेव्हा काकी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पायरी हाय."

पुढे पावसाळा संपता संपता मला खरं स्टेअरिंग सापडलं. जुन्नरला एका भंगारवाल्याने तिथल्या एका जुन्या डॉक्टरांची फियाट तोडायला काढली होती. त्याच सालाचं मॉडेल, तीच कडी, त्याच खाचा, कुठे तडा नाही, आणि रंग साईचा. मी ते घेतलं. विलासला कळवलं नाही. माझ्याकडे माल नसतो म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मला तो माल द्यायचा होता. द्यायचा, त्याचं तोंड बघायचं आणि मग "हे विकायचं नाही" म्हणून परत आणायचं, असा माझा बेत होता. चांगला बेत नव्हता, पण बाप गेला तेव्हापासून मला असं काहीतरी करायचंच होतं.

महाळुंग्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. काकी अंगणात कांदे निवडत होत्या. त्यांनी माझ्या हातातलं पाहिलं, उठल्या, हात धुतले आणि ते माझ्याकडून घेतलं. फिरवून, उलटून बघितलं.

"ह्ये तेच हाय," त्या म्हणाल्या.

"तेच आहे."

"आज बसवलं तर उद्या बाजार हाय."

उद्या मंचरचा बाजार होता हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि मी विकायचं नाही म्हटलं तरी तात्यांना असं स्टेअरिंग मिळतं हे कळणार, मग ते जुन्नर काय, मुंबईपर्यंत माणसं धाडणार. मी म्हटलं, "काकी, मी परत नेतो." तेवढ्यात पडवीतून आवाज आला, "कोण भडवा आलाय?" मी न राहवून बोललो, "मी आहे तात्या." आता परतायची सोय नव्हती. काकी स्टेअरिंग घेऊन माझ्या पुढे चालू लागल्या.

तात्या पडवीत खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. काकींनी स्टेअरिंग त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मागून बोटं फिरवली, आणि बोटं खाचांत गेली, एकेक करून. अंगठा कडीवर बसला. त्यांनी डोळे मिटले आणि गाडी काढली. वेस, खड्डा, कळंब, पूल. मी वाट बघत होतो शिवीची. शिवी आली नाही. मंचरलाही ते थांबले नाहीत. घोडेगावच्या रस्त्याला लागले, आणि मग हात वळणं घ्यायला लागले, मोठमोठी, एकामागून एक. ओठ हलत होते. चेहरा एखाद्या लहान पोरासारखा निवळत गेला. मला त्यांचं तोंड बघायचं होतं, ते आता बघवेना.

"ह्येच," तात्या म्हणाले. "विलासला फोन लाव. मेस्त्रीला आत्ताच्या आत्ता घिऊन ये म्हणावं."

काकी खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पर ह्ये हिरवं हाय."

तात्यांचे हात थांबले. "काय?"

"हिरवं हाय की. पोपटी. तुमाला दिसत न्हाई का?"

मी काकींकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तात्यांनी स्टेअरिंग उचलून तोंडाजवळ नेलं, अंगणातल्या उजेडाकडे केलं, पुन्हा जवळ घेतलं. काळं नाही एवढं त्यांना कळत होतं. त्यापुढे काहीच कळत नव्हतं. बोटं कडेकडेने फिरत होती, जणू रंगही खाचेत सापडेल. मानेवरची शीर उडताना मला दिसली.

"दिसतंय की!" ते एकदम ओरडले. "मी काय आंधळा हाय? बगत व्हतो, तू सांगतीस का न्हाई. हिरवं स्टेअरिंग घिऊन मंचरात जाऊ व्हय मी? गाडी हाय ती, पोपटाचा पिंजरा न्हाई." आणि त्यांनी ते माझ्या आवाजाच्या अंदाजाने पुढे केलं. "ने ह्ये. तुला शिंचं डोळं तरी हायेत का?"

मी ते घेतलं. घेताना त्यांची बोटं चटकन सुटली नाहीत. ते मांडीवर घेऊन मी समोरच टेकलो.

"च्या ठेवते," म्हणून काकी आत गेल्या. भांड्याचा आवाज आला. तात्या मान वाकडी करून तो आवाज ऐकत होते. आत स्टोव्ह पेटल्याची खात्री झाल्यावर ते खाटेवरून पुढे सरकले आणि त्यांनी माझा हात चाचपडत शोधला.

"राव," ते म्हणाले. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "येक इचारू का? घरात बोलू नका. खरंच हिरवं हाय का?"

माझ्या मांडीवर उन्हाची तिरीप पडली होती आणि त्यात ते स्टेअरिंग नुकत्याच धरलेल्या साईसारखं दिसत होतं. ह्या माणसाची मला आयुष्यात पहिल्यांदा कीव आली, आणि ती चांगलीच आली. पण कळंबच्या रस्त्याने शाळेची पोरं चालत जातात. आणि आत जी बाई चहा ठेवत होती तिचा शब्द खोटा पाडायची माझी इच्छा नव्हती.

"हो तात्या," मी म्हटलं. "हिरवं आहे."

त्यांनी माझा हात सोडला आणि ते भिंतीला टेकून बसले.

"मंग बरोबर," ते म्हणाले. "मला बी हिरवंच दिसलं."